मरहूमांचे माइल्स : ज्याच्या हातात फोन, त्याचाच हक्क?

माझे खालू सव्वीस वर्षं आखातात नोकरीला होते. वर्षातून एक फेरी गावाला, एक फेरी परत. त्यांचा इंतेकाल झाला, दफनविधी झाला, पाहुणे गेले, आणि मग प्रत्येक घरात होतं तेच झालं. कपाटातली कागदांची पिशवी उघडली गेली. पासबुकं, विम्याचे कागद, चार जुने पासपोर्ट. त्यातच एका विमान कंपनीचं सदस्य कार्ड होतं. माझ्या खालाजाद भावाने खालूंच्या फोनमधलं ॲप उघडलं, तर त्यात चाळीस हजार माइल्स जमा!

त्याने मला फोन केला. "आपा, अम्मीला उमऱ्याला न्यायचंय. अब्बांचे माइल्स पडून आहेत, काही महिन्यांनी संपतील. पासवर्ड मला माहीत आहे, ओटीपी याच फोनवर येतो. बुक करू का?"

मी शाळेतून घरी परतत होते, रिक्षात होते. फार विचार न करता म्हणाले, "कर की. घरातलंच तर आहे."

माझा हा सल्ला चुकीचा होता. त्याने इद्दत संपल्यानंतरच्या तारखेचं तिकीट बुक केलं. आठवड्याभराने सासरी असलेल्या धाकट्या बहिणीला ते कळलं. ती भांडली नाही. तिने एवढंच विचारलं, "अम्मीला नेतोयस, चांगलंच आहे. पण अब्बांच्या माइल्समध्ये आमचा हिस्सा होता की नव्हता? होता, तर आम्हाला विचारलं का नाही? आणि नव्हता, तर मग तो तुझा कसा झाला?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर मी नियम वाचले, बँकेत विचारलं, मौलानांशी बोलले. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांतला माणूस दुबई, दोहा, जेद्दा, मस्कत, कुवेत इथे आहे किंवा जहाजावर आहे. त्यांच्या कार्डांवर असे माइल्स आणि पॉइंट्स जमा असतात. म्हणून जे समजलं ते इथे सोप्या भाषेत मांडते आहे.

माइल्स म्हणजे नेमकं काय?

विमान कंपनी आपल्या नेहमीच्या प्रवाशाला प्रत्येक प्रवासामागे काही गुण देते. त्यांना कुणी माइल्स म्हणतं, कुणी पॉइंट्स. ठरावीक गुण जमले की त्यावर तिकीट घेता येतं, किंवा साध्या तिकिटावर वरच्या वर्गात बसता येतं. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये अशी योजना सुरू केली आणि नंतर ती जगभर पसरली. एमिरेट्सची स्कायवर्ड्स, कतार एअरवेजची प्रिव्हिलेज क्लब, एतिहादची एतिहाद गेस्ट, सौदियाची अल्फुरसान, ओमान एअरची सिंदबाद, ही नावं आपल्याकडच्या घरांत ओळखीची आहेत.

आता मुद्दा असा की हे गुण दिसायला पैशासारखे दिसले तरी ते पैसे नाहीत. बँकेत ठेवलेले पैसे हे बँकेवरचं आपलं घेणं असतं. माइल्सच्या बाबतीत बहुतेक कंपन्यांच्या अटींत स्पष्ट लिहिलेलं असतं की हे गुण सदस्याची मालमत्ता नाहीत, ही कंपनीने दिलेली सवलत आहे, आणि ती कंपनीच्या अटींवर चालते. सदस्य होताना आपण खालच्या चौकोनात खूण करतो, तेव्हा हेच मान्य करतो. वाचत मात्र कुणीच नाही. मीसुद्धा वाचलं नव्हतं.

हे किती गंभीर आहे ते अमेरिकेतल्या एका खटल्यावरून समजतं. बिन्यामिन गिन्सबर्ग नावाचे एक यहुदी धर्मगुरू नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे जुने सदस्य होते. ते फार तक्रारी करतात असं म्हणून कंपनीने २००८ मध्ये त्यांचं सदस्यत्व रद्द केलं. ते कोर्टात गेले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं आणि २०१४ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. कंपनीने सद्‌भावनेने वागायला हवं होतं, हा त्यांचा दावा तिथल्या विमान कायद्यामुळे टिकला नाही. सदस्य जिवंत असताना ही स्थिती! मग सदस्य दुनियेतून गेल्यावर वारसांचा हात किती पोहोचणार, याचा अंदाज करा.

सदस्य गेल्यावर कंपन्या काय करतात?

ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार : दार बंद. अमेरिकेची डेल्टा एअरलाइन्स पूर्वी वारसांना माइल्स देत असे. २०१३ मध्ये तिने नियम बदलला. आता सदस्याच्या मृत्यूनंतर ते कुणाच्याही नावावर होत नाहीत.

दुसरा प्रकार : कंपनीची मर्जी. अमेरिकन एअरलाइन्स म्हणते की मृत्युपत्रात ज्याचं नाव स्पष्ट लिहिलं आहे त्याला, कागदपत्रं पाहून, आमच्या विवेकाने आम्ही माइल्स देऊ शकतो. युनायटेडच्या अटींचा सूरही तसाच आहे : कागदपत्रं द्या, लागू असेल ते शुल्क भरा, मग ठरवू. म्हणजे वारसाला विचारण्याची वाट आहे, पण "द्यायलाच पाहिजे" असं म्हणता येत नाही. ज्यांची मुलं-भावंडं अमेरिकेत आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं. तिथे मृत्युपत्रात एक ओळ लिहिलेली असली तरी फरक पडतो.

तिसरा प्रकार : वारसाला हक्क, पण मुदतीत. जपानच्या दोन मोठ्या कंपन्या, जपान एअरलाइन्स आणि ऑल निप्पॉन एअरवेज, कायदेशीर वारसाला माइल्स देतात. मात्र मृत्यूनंतर सहा महिन्यांच्या आत कागद द्यावे लागतात. मुदत गेली की माइल्स गेले.

तुमच्या घरातलं कार्ड यातल्या कुठल्या प्रकारात बसतं, ते शेजाऱ्याच्या अनुभवावरून ठरवू नका. नियम बदलत राहतात. ज्या दिवशी काम करायचं त्या दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन सदस्यत्वाच्या अटी उघडा आणि त्यात डेथ, डिसीज्ड, एस्टेट, ट्रान्सफर हे इंग्रजी शब्द शोधा. दहा मिनिटांचं काम आहे. घरात दहावी-बारावीतली मुलगी किंवा मुलगा असेल तर त्यांना बसवा, ती मुलं हे पटकन करतात.

कार्डावरचं नावही तपासा. जुनं कार्ड सापडलं आणि त्या नावाची योजना आज दिसत नाही, असं होतं. जेट एअरवेजची विमानं एप्रिल २०१९ मध्ये थांबली आणि तिच्या जेटप्रिव्हिलेज योजनेचं नाव त्याच वर्षी इंटरमाइल्स झालं. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. एअर इंडियाच्या फ्लाइंग रिटर्न्सचं नाव २०२५ मध्ये महाराजा क्लब झालं. म्हणून कार्ड फेकण्याआधी त्या योजनेचं पुढे काय झालं ते पाहा.

मुदतीचं गणित

माइल्सना मुदत असते आणि ती प्रत्येक ठिकाणी वेगळी. एमिरेट्समध्ये माइल्स मिळाल्यापासून किमान तीन वर्षं चालतात आणि सदस्याच्या जन्ममहिन्याच्या अखेरीस संपतात. सिंगापूर एअरलाइन्समध्येही साधारण तीन वर्षं. अमेरिकन एअरलाइन्समध्ये खात्यावर २४ महिने काहीच हालचाल झाली नाही तर माइल्स जातात. युनायटेड आणि डेल्टाचे माइल्स मुदतीने संपत नाहीत.

बेवा झालेल्या बाईची इद्दत चार महिने दहा दिवसांची. त्या काळात घर अशा कामांच्या मनःस्थितीत नसतं, आणि ते साहजिक आहे. पण मुदतीचं घड्याळ थांबत नाही. घरातल्या एकाने पहिल्या महिन्यातच निदान नियम वाचून तारखा लिहून ठेवाव्यात.

"नॉमिनी" या शब्दाचा घोळ

माझ्या भावाने मला सांगितलं होतं, "ॲपमध्ये नॉमिनी म्हणून माझंच नाव आहे." मलाही वाटलं, मग प्रश्न मिटला. पण इथेच फसगत होते.

बँकेत किंवा विम्यात नॉमिनी म्हणजे खातेदाराच्या मृत्यूनंतर रक्कम ज्याच्या हाती द्यायची तो माणूस. विमान कंपनीच्या योजनेत नॉमिनीचा अर्थ बऱ्याचदा पूर्ण वेगळा असतो. सदस्य जिवंत असताना तो आपल्या माइल्सवर कुणाकुणाचं तिकीट काढू शकतो, त्यांची ती यादी असते. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर योजनेत अशी पाच नावं देता येतात. या यादीचा वारशाशी काही संबंध नाही.

आणि बँकेचा नॉमिनीदेखील मालक नसतो, हे आपल्याकडे कितीतरी लोकांना माहीत नाही. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने सरबती देवी प्रकरणात १९८३ मध्येच सांगितलं की नॉमिनीला रक्कम स्वीकारण्याचा अधिकार आहे, पण हक्क वारसांचा राहतो. शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात हेच तत्त्व पुन्हा आलं. (विम्याच्या कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती होऊन आई-वडील, पती-पत्नी, मुलं यांना नॉमिनी केल्यास वेगळी तरतूद आली. त्याचा अर्थ वकिलाकडून समजून घ्यावा.) साध्या शब्दांत, नॉमिनी हा बहुतेक ठिकाणी अमानतदार असतो. अमानत ज्याच्या हाती, ती त्याची होत नाही.

पासवर्ड माहीत आहे, मग काय हरकत?

खरं सांगायचं तर बहुतेक घरांत असंच होतं. मुलगा बापाचं ॲप उघडतो, ओटीपी टाकतो, तिकीट काढतो. कंपनीला कळतही नाही. मग हरकत काय?

पहिली हरकत व्यवहाराची. मृत सदस्याच्या खात्यातून केलेला व्यवहार लक्षात आला तर कंपनी खातं गोठवू शकते आणि तिकीट रद्द करू शकते. तिकीट घरी बसून रद्द झालं तर ठीक. सामान बांधून, एहरामची तयारी करून विमानतळावर पोहोचल्यावर समजलं तर?

दुसरी हरकत कायद्याची. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ क नुसार दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिक हेतूने वापरणं हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आईचं तिकीट काढणाऱ्या मुलावर कुणी खटला भरेल असं मी म्हणत नाही. पण भावंडांत वाद पेटला, तर "त्याने अब्बांचा पासवर्ड वापरला" हे वाक्य कुठपर्यंत जाईल, ते सांगता येत नाही.

तिसरी हरकत आपल्या मनाची. अब्बांनी कंपनीशी करार केला होता. ते हयात नाहीत हे लपवून, त्यांच्या नावाने बटण दाबणं म्हणजे ते स्वतः दाबताहेत असं भासवणं. वर्गात एक मूल दुसऱ्याच्या नावाने हजेरी देतं, तेव्हा आपण त्याला काय म्हणतो?

मिळालेच, तर ते कुणाचे?

आता बहिणीच्या प्रश्नाचा दुसरा भाग. समजा कंपनीने होकार दिला आणि माइल्स वारसाच्या खात्यात आले. कंपन्या ते साधारणपणे एकाच खात्यात टाकतात. मग ज्याच्या खात्यात आले, त्याचे झाले का?

भारतात मुसलमानांच्या वारशाला १९३७ च्या शरियत कायद्याप्रमाणे आपला वैयक्तिक कायदा लागू होतो. शरियतचा क्रम आपल्याला माहीत आहे : मय्यतने मागे सोडलेल्या मालातून आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसियत असेल तर ती एक तृतीयांशापर्यंत, आणि उरलेलं वारसांत. वारसाच्याच नावे वसियत केली असेल तर बाकीच्या वारसांची संमती लागते.

माइल्स हे शरियतच्या अर्थाने माल आहेत का, यावर आपल्या भागातल्या आलिमांना विचारावं. कोकणातली बरीच कुटुंबं शाफई, देशावरची बरीच हनफी, तेव्हा आपापल्या मसलकच्या मुफ्तींकडून समजून घ्यावं. मी ज्यांना विचारलं त्या मौलानांनी मला साधी गोष्ट सांगितली : "कंपनीने वारस म्हणून दिलं असेल तर एकट्याने घेऊ नका. सगळ्यांना बसवा, आकडा सांगा, संमती घ्या. त्यात कुणाचं नुकसान नाही."

आकड्यात पाहू. समजा मरहूमांच्या मागे पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली आहेत, आणि आई-वडील हयात नाहीत. चाळीस हजार माइल्स वाटायचे झाले तर पत्नीचा आठवा हिस्सा म्हणजे ५,०००. उरले ३५,०००. मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणून मुलाचे १७,५०० आणि प्रत्येक मुलीचे ८,७५०. मरहूमांची आई हयात असेल तर तिचा सहावा हिस्सा आधी निघतो आणि हे सगळं गणित बदलतं.

माइल्स असे तुकडे करून वाटता येत नाहीत, हे खरं. पण त्यांची किंमत काढता येते. समजा त्या तिकिटाचा रोखीतला दर २२,००० रुपये आहे. माइल्सवर घेतलं तरी कर आणि शुल्क म्हणून ८,००० भरावे लागणार आहेत, आणि ३५,००० माइल्स खर्च होणार आहेत. म्हणजे वाचले १४,००० रुपये. भागाकार केला तर एका माइलची किंमत ४० पैसे. या हिशोबाने चाळीस हजार माइल्स म्हणजे सोळा हजार रुपये. एवढा हिशोब घरातल्या सगळ्यांसमोर कागदावर मांडला तर कुणी म्हणेल, "अम्मीसाठी वापरा, माझा हिस्सा मी सोडला." कुणी म्हणेल, "मला माझे पैसे हवेत." दोघांनाही तो अधिकार आहे. फक्त घरात नाबालिग वारस असेल तर त्याचा हिस्सा त्याच्या वतीने कुणी "माफ" करू शकत नाही, हे विसरू नये.

आपल्याकडे मुलींचा हिस्सा "ती कशाला मागेल" म्हणून न विचारताच संपवला जातो. जमिनीत होतं, घरात होतं, आता फोनमध्येही होऊ लागलं आहे. रक्कम सोळा हजारांची असो की सोळा लाखांची, विचारलं न जाण्याचं दुःख तेवढंच असतं.

मग करायचं काय? पायरी पायरीने

एक. मरहूमांचं सिम कार्ड लगेच बंद करू नका. बँक, विमा, पीएफ, माइल्स, सगळ्यांचे निरोप त्यावर येतात. रिचार्ज चालू ठेवा. बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्या माणसाला दिला जाऊ शकतो. ही सगळी कामं आटोपली की मग तो रीतसर बंद करा.

दोन. यादी करा. कोणत्या विमान कंपनीचं कार्ड, सदस्य क्रमांक, किती माइल्स, मुदत कधी. हॉटेल, पेट्रोल पंप, सुपरमार्केट यांचीही कार्डं असतील तर तीही लिहा. ही यादी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, म्हणजे लपवाछपवीचा प्रश्नच उरत नाही.

तीन. अटी वाचा. त्यानंतरच कंपनीला कळवा, कारण कळवताच खातं बंद करणाऱ्या कंपन्या आहेत. अगोदर वाचणं म्हणजे लपवणं नव्हे. काय मागायचं ते नीट ठरवून मागणं, एवढाच त्याचा अर्थ.

चार. कंपनीला ईमेल करा. त्यात सदस्याचं पासपोर्टप्रमाणे नाव, सदस्य क्रमांक, मृत्यूची तारीख, तुमचं नातं लिहा. मग चार प्रश्न विचारा : माइल्स वारसाच्या नावावर होतात का? कोणती कागदपत्रं लागतील? मुदत किती? शुल्क किती? उत्तर येईपर्यंत खातं बंद करू नये, अशी विनंतीही करा. फोनवर बोलणं झालं तरी ईमेल पाठवाच. लिहिलेलं राहतं.

पाच. कागदपत्रं तयार ठेवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेत करायची असते. दाखल्याच्या दहा-बारा प्रती एकदमच घ्या. इंतेकाल परदेशात झाला असेल तर तिथला दाखला आणि त्याचं इंग्रजी भाषांतर सांभाळा. वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि बाकीच्या वारसांचं संमतीपत्र लागू शकतं. कोर्टातून वारसा प्रमाणपत्र काढायला वेळ आणि पैसा दोन्ही जातात. केवळ सोळा हजारांच्या माइल्ससाठी ते परवडणारं नाही. पण बँक किंवा शेअर्ससाठी ते काढतच असाल तर इथेही वापरा.

सहा. नावाचं स्पेलिंग पाहा. ही आपल्याकडची खास अडचण. पासपोर्टवर मोहम्मद, दाखल्यावर मोहंमद, कार्डावर नुसतं एमडी. कधी वडिलांचं नाव आहे, कधी नाही. शेख कधी आधी, कधी शेवटी. "ही सर्व नावं एकाच व्यक्तीची आहेत" असं प्रतिज्ञापत्र एकदाच करून ठेवा. ते पुढे सगळीकडे कामाला येतं.

सात. फसवणुकीपासून सावध राहा. "तुमच्या वडिलांचे पॉइंट्स आज रात्री संपणार, ओटीपी सांगा" असे फोन येतात. दुःखातला माणूस पटकन फसतो. कोणतीही कंपनी फोनवर ओटीपी मागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.

क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स

इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, कार्ड बंद केलं की बऱ्याच बँकांत त्यावरचे पॉइंट्सही जातात. म्हणून बँकेला मृत्यू कळवताना पॉइंट्सचं काय होणार, ते थकबाकीत वळते करता येतील का, हे त्याच अर्जात लेखी विचारा. दोन, त्या कार्डावर घरच्यांना दिलेलं जादा कार्ड, ज्याला ॲड-ऑन म्हणतात, ते मरहूमांच्या खात्यावरच चालतं. मृत्यूनंतर ते वापरू नका. वापरलेली रक्कम कर्ज म्हणून उभी राहते.

थकबाकीची भीती मात्र बाळगू नका. बँक ती मरहूमांनी मागे सोडलेल्या मालातून मागू शकते. वारसाला जेवढा माल मिळाला त्यापलीकडे त्याच्या खिशातून वसूल करता येत नाही. वसुलीवाले दारात येऊन मुलाला धमकावत असतील तर हे त्यांना सांगा. आपल्या दीनप्रमाणेही वाटणीच्या आधी कर्ज फेडायचं असतं. तेव्हा आधी कर्ज, मग पॉइंट्सची गोष्ट.

हयातीतच करण्यासारखं

सगळ्यात सोपा उपाय जिवंत माणसाच्या हातात आहे. माइल्स साठवून ठेवण्याची वस्तू नाही. आखातातल्या भावांना माझं सांगणं आहे : जमलेत तर अम्मी-अब्बांचं, बीबी-मुलांचं तिकीट आजच काढा. आपल्या हाताने दिलेलं तिकीट हा हिबा आहे, त्यात पुढे वाद नाही. काही कंपन्यांत कुटुंबाचे माइल्स एकत्र जमा करता येतात. एमिरेट्सची माय फॅमिली ही तशीच सोय आहे. तिच्या अटी वाचून घ्या.

आणि एका वहीत लिहून ठेवा : कुठे खातं, कुठे कार्ड, कुणाचं देणं, कुणाकडून घेणं. पासवर्ड लिहू नका, पण खातं आहे हे लिहा. माझ्या खालूंनी सव्वीस वर्षांत घरातल्या कुणालाही या कार्डाबद्दल सांगितलं नव्हतं. लपवलं नव्हतं, सांगायचं राहून गेलं.

आमच्या घरी शेवटी काय झालं?

बहिणीचा प्रश्न खालांच्या कानावर गेला. इद्दतीत होत्या, खोलीत बसून सगळं ऐकत होत्या. त्यांनी मुलाला बोलावलं आणि म्हणाल्या, "ज्या तिकिटाचा हिशोब साफ नाही, त्यावर मला उमरा करायचा नाही. रद्द कर."

त्याने तिकीट रद्द केलं. मग मी आणि त्याने मिळून कंपनीला ईमेल लिहिला, मृत्यूचा दाखला जोडला, वर सांगितलेले चार प्रश्न विचारले. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. शोक व्यक्त केला होता, आणि नियमाप्रमाणे माइल्स कुणालाही देता येणार नाहीत असं लिहिलं होतं. खातं बंद झालं. चाळीस हजार माइल्स गेले.

तिन्ही भावंडं त्या दिवशी एकत्र बसली होती. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग धाकटी म्हणाली, "चला, आता वाटायला काही नाही. अम्मीच्या तिकिटाचे पैसे काढूया." तिघांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे दिले. मुलाने जास्त दिले, बहिणींनी थोडे कमी. कुणी किती दिले ते खालांना माहीत आहे, मला नाही.

मी मात्र माझ्या भावाची माफी मागितली. रिक्षात बसून, अर्ध्या मिनिटात, दुसऱ्याच्या हक्काबद्दल फतवा द्यायचा नसतो, एवढं मी यातून शिकले.